घट्ट धरलेले बोल्ट

आकाशातली युद्धं केव्हाच संपली होती, त्या काळची गोष्ट. माळावरच्या एका शेडमध्ये एकाच बनावटीची दोन जुनी लढाऊ विमानं शेजारी शेजारी उभी होती. हवाईदलातून निवृत्त झालेले बर्डेकाका आणि इंदूताई दर रविवारी हौसेनं येत, डावीकडच्या विमानाचा एखादा भाग सोडवत आणि आतल्या खोलीत नेत.

आधी चाक गेलं, मग काचेचं झाकण. विमानाला धडकी भरली.

"मला मोडीत काढतायत," ते बोल्ट सोडवणाऱ्या पान्याला म्हणालं.

"अरे, तुला संग्रहालयात ठेवायचंय," पाना म्हणाला. "सगळं धुऊनपुसून झालं की पुन्हा तुलाच बसवतील."

"गेलेलं काही परत आलेलं मी अजून पाहिलं नाही."

त्या दिवसापासून भीतीनं त्यानं पंखाचे बोल्ट आवळून धरले. तेल सोडून पाहिलं, पाना घसरून घसरून झिजला, तरी एकही बोल्ट हलेना.

इंदूताईंनी पंखावर टकटक केली. "आत गंज चढतोय, काका. पण पंख उघडल्याशिवाय काढणार कसा?"

बर्डेकाकांनी पाना खाली ठेवला. "जोर केला तर फाटेल. आता संग्रहालयासाठी शेजारचंच उभं करू. याचे भाग त्याला लावू."

विमानानं घाईघाईनं बोल्ट सोडायला पाहिलं. पण इतके दिवस आवळलेले बोल्ट आता त्याचंही ऐकेनात.

पुढच्या रविवारी आतल्या खोलीचं दार उघडलं. त्याचं चाक बाहेर आलं, कधी नव्हतं इतकं लखलखीत, आणि त्याच्यासमोरून शेजाऱ्याकडे गेलं.