अर्धं राहिलेलं वाचन

“मग सगळं पुसून नव्यानं टाकू का, बाई?”

यशोधनचं बोट एंटरवर टेकलं होतं. बाईंचा कॉम्प्युटर सुरूच होत नव्हता; समोर निळ्या पडद्यावर दुरुस्तीचे पर्याय उघडले होते. बंगळुरात त्याच्या हाताखाली मोठी टीम होती. असली कामं तो चुटकीसरशी उरकायचा.

धोत्रेबाईंनी कीबोर्डवर आपला तळहात ठेवला.

कराडात पहिला कॉम्प्युटर क्लास बाईंनीच काढला होता. चपला बाहेर, यंत्रांवर शिवलेली कापडी कव्हरं. यशोधन तिथंच शिकला.

बाईंचे यजमान, क्लासमधल्या मुलांचे काका, अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायचे. शेवटचं अर्धं राहिलं आणि ते गेले. ते वाचन याच यंत्रात होतं, दुसरीकडे कुठंच नाही.

“नवीन काय टाकलं होतं यात?” बाईंनी विचारलं.

यशोधननं बोट मागं घेतलं. स्क्रीन चालवणारा नवा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, गेल्या आठवड्यात त्यानंच फोनवरून टाकायला लावला होता.

“सगळं एकदम उठत नसेल, तर थोडंच उठव,” बाई म्हणाल्या.

त्यानं स्टार्टअप सेटिंग्जमध्ये जाऊन यंत्र गरजेपुरतंच सुरू करणारा सेफ मोड निवडला. काळा पडदा, मोठाली अक्षरं... अगदी क्लासमधल्या जुन्या यंत्रांसारखी. तो बघतच राहिला.

वाचनाच्या फायली जागच्या जागी होत्या. आधी त्यानं त्या पेन ड्राइव्हवर उतरवून घेतल्या.

बाईंनी एक लावून बघायला सांगितलं. या मोडमध्ये आवाज येत नाही, असं तो हळूच म्हणाला. बाई नुसत्याच फायलींची नावं वाचत बसल्या...

यशोधननं नवा ड्रायव्हर काढून जुना परत आणला आणि यंत्र पुन्हा सुरू केलं. या वेळी ते नीट उघडलं. त्यानं शेवटची फाइल लावली.

काकांचा आवाज आला. संथ, स्पष्ट. मग ठसका. मग जरा लांबून...

“दार लोट गं, रस्त्याचा आवाज येतोय.”

बाई उठल्या. जाऊन दार लोटून आल्या.

यशोधननं फाइल थांबवली. तो म्हणाला, “बाई, तो ठसका आणि मधलं बोलणं काढून देतो. रेकॉर्डिंग स्वच्छ होईल.”

बाई खुर्चीत टेकल्या.

“पुस्तक दुसरं कुणीही वाचेल रे... तेवढं राहू दे.”