गोमीबायनं धरलेले हात

फार वर्षांपूर्वी, खाडीवर पूल नव्हता आणि माणसं होडीनं येत-जात होती, तेव्हा खारवली गावात गोमीबाय नावाची वैदीण राहायची. गाव मिठागरांचं. दिवसभर उन्हात मीठ ओढायचं, खारवलेल्या मासळीबरोबर पेज प्यायची. आणि या गावात धडधाकट माणसं अचानक पडायची. कुणाचं एक अंग लुळं पडायचं, कुणाचे पाय सुजायचे, कुणाला दिसेनासं व्हायचं. लोक म्हणायचे, खाडीतला गिऱ्हा, पाण्यातलं भूत, धरतो.

गोमीबाय नाडी बघायची. पडलेल्या प्रत्येकाची नाडी तिला एकसारखीच लागायची, वाऱ्यानं भरलेल्या शिडाच्या दोरीसारखी ताठ. मग ती न पडलेल्यांचेही हात धरून बघायला लागली. तशीच ताठ नाडी तिला तिच्याच घरात सापडली. तिच्या मुलाची, पोशाची.

पोशासारखा ताकदीचा गडी मिठागरावर दुसरा नव्हता. तो हसला. "आये, मना काय झालंय? दुखत तर कुठंच नाय."

"दुखत नाय म्हणून तर भ्या वाटतं रे," ती म्हणाली.

तिनं त्याच्या जेवणातलं मीठ तोडलं, कडू मुळीचा काढा सुरू केला. नाडी सैल पडली. पोशाला वाटलं, झालं बरं. त्यानं काढा गुपचूप खाडीत ओतायला सुरुवात केली. पुढच्या हंगामात सकाळी उठला की त्याचं तोंड सुजलेलं असे, चार पावलांत धाप लागे. एका दुपारी तो मिठाच्या राशीवर कोसळला आणि त्याची वाचा गेली. गोमीबायनं त्याचा हात धरला. असं म्हणतात, भरतीचं पाणी तिच्या कमरेपर्यंत चढलं तरी तिनं तो सोडला नाही. तो हात थंड झाला, पण तिच्या बोटांतले ठोके थांबले नाहीत. त्या दिवसापासून साऱ्या गावाची नाडी तिच्या बोटांत वाजायला लागली.

मग ती दारोदार जाऊ लागली. "हात दे," एवढंच म्हणायची. लोक दारं लावून घ्यायचे. मिठागराचा मुकादम धर्मा तर ओरडला, "हिनं हात धरला की मरण येतं. हिला उंबऱ्याशी उभी करू नका!"

गोमीबाय बाहेरूनच म्हणाली, "मुकादम, तुमचे ठोके मला बांधावर ऐकू येतात."

मुकादमानं ऐकलं नाही. पावसाळ्याआधी एका सकाळी तो उठला, तर उजेडच नव्हता. भिंत चाचपत, बांधावरून पडत-झडत तो तिच्या दारात आला आणि त्यानं हात पुढे केला.

तिनं तो बराच वेळ धरून ठेवला. "डोळे येणार नाहीत, मुकादम. बाकीचं राखू."

मुकादम आंधळाच राहिला, पण काढा त्यानं जन्मभर सोडला नाही आणि तो पुष्कळ जगला. ते पाहून माणसं येऊ लागली. सगळी वाचली असं नाही. ज्यांचं आतून आधीच झिजलं होतं, ती गेलीच, आणि त्यांच्या उशाशी गोमीबाय बसून राहिली.

एके दिवशी बांधावर कुणाचा तरी हात हातात असतानाच ती कलंडली. आंधळ्या मुकादमानं चाचपत तिचं मनगट धरलं. असं म्हणतात, त्यानं झटकन हात मागे घेतला, एवढी ती नाडी ताठ होती. मग तो रडायला लागला. "अरे, हिचा हात कधी कुणी धरलाच नाय!" गोमीबाय पुन्हा उठली नाही.

आजही मीठ काढायच्या पहिल्या दिवशी सारं खारवली बांधावर जमतं. उपकेंद्रातल्या नर्सबाई रक्तदाब मोजायला मशीन घेऊन येतात. त्या पट्टा उलगडतात, पण कुणीच हात पुढे करत नाही. गावातली सर्वांत म्हातारी बाई उठते, नर्सबाईंना खुर्चीवर बसवते आणि म्हणते, "आधी तुझा, बाय." त्यांचा मोजून झाला की मगच रांग लागते.