चिचुंद्रीची रिकामी पुडी

मुलांनो, एका जंगलात ओढ्याच्या काठी, करंजाच्या मुळाशी एक चिचुंद्री राहत असे. एकटीच राहत असे, कारण तिच्या अंगाच्या वासामुळे तिच्या शेजारी कुणी टिकत नसे. उंदीर नाक मुरडत, ससा तर वाटच बदली. डोळ्यांनीही ती अधू. अख्ख्या जगात तिचा वास आवडणारं एकच कुणी होतं, ते म्हणजे तिची थोरली बहीण, आणि ती नेमकी पलीकडच्या काठावर. ओढ्यावरचा ओंडका वाहून गेला, तेव्हापासून दोघींची गाठभेट म्हणून नव्हती.

पण निरोप होते. चिचुंद्री पळसाचं पान घेई, त्यावर चांगलं अंग घुसळी, वास उडून जायच्या आत चटकन घडी घाली आणि बाभळीचा काटा टोची. झाली पुडी. पलीकडे ताईने काटा काढला की आतून धाकटीचा वास येई : मी आहे, बरी आहे. मग ताईचीही तशीच पुडी येई, आणि ती हुंगण्यात चिचुंद्रीचा दिवस सुखाचा जाई. साऱ्या जंगलाच्या पुड्या पोचवायचं काम कावळ्याकडे होतं. दुसरं कुणी ते करत नव्हतं, त्यामुळे त्याचा तोराही मोठा होता.

एकदा कुणाच्याशा पुडीतून विंचू निघाला आणि पोपटाच्या पिलाला डसला. पिलू वाचलं, पण कावळ्याला निमित्त मिळालं. तो येईल ती पुडी उघडून बघू लागला. बघायचा, काटा पुन्हा टोचायचा, पोचवायचा. कुणाकडे काय चाललंय ते आधी त्याला कळे, आणि त्याच्याकडून कोल्ह्याला. खारीने आईला पानावर खरडून कळवलं की दात दुखतोय, तर उजाडताच कोल्हा मऊ बोरं घेऊन झाडाखाली हजर. "दाताला बरी असतात हो," असं म्हणाला आणि तिची ढोली कोणती तेही बघून गेला.

चिचुंद्रीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिला एवढंच कळलं, की ताईच्या पुड्या यायच्या थांबल्या. तिने पुडीवर पुडी पाठवली. "काही आलं का रे बाबा?" असं ती कावळ्याला विचारी, आणि तो उडता उडता म्हणे, "नाही, मावशी." ताई रागावली असेल का? आपलं काय चुकलं असेल? ती घास पुढे घेऊन तशीच बसून राही. लोक नाक मुरडत तेव्हा तिला वाईट वाटे, पण इतकं एकटं तिला कधी वाटलं नव्हतं.

शेवटी खारीने ओरड केली आणि जंगलाचा न्यायनिवाडा करणाऱ्या गव्यासमोर सभा भरली. चिचुंद्रीही आली, पण आपला वास कुणाकडे जाऊ नये म्हणून वाऱ्याची दिशा बघून लांब कडेला बसली.

"मी पुड्या उघडतो ते तुमच्याच भल्यासाठी," कावळा म्हणाला. "उद्या पुन्हा विंचू निघाला तर?"

"बरोबर आहे," पोपट म्हणाला. "ज्याच्या मनात काळंबेरं नाही, त्याने कशाला भ्यावं?"

"मग माझा दुखरा दात कोल्ह्याला कसा कळला?" खार म्हणाली. त्यावर जो गलका झाला, तो विचारूच नका.

गव्याने सगळ्यांना गप्प केलं. "कावळ्या, तू कुणाचं काही घेतलंस का?"

"एक कणसुद्धा नाही. त्या चिचुंद्रीचंच घ्या. तिच्या पुड्यांत तर काहीच नसतं. चांगल्या झटकून बघितल्या, नुसतं पान. तरी मी इमानाने काटा टोचून तेच रिकामं पान तिच्या बहिणीला नेऊन दिलं." कावळ्याला कसला आलाय वास! त्याच्या लेखी पान रिकामंच होतं.

सभा हसली. चिचुंद्री मात्र उठून मध्यभागी आली. वाऱ्याचं भान तिला राहिलं नाही.

"झटकलंस? आणि तसंच ताईला दिलंस?"

"दिलं की."

"आमच्यात रिकामं पान कधी पाठवतात, ठाऊक आहे तुला? घरातलं कुणी मेलं की आसपास जो कुणी असेल तो पाठवतो. आता इथून वास येणार नाही, असं कळवायला. मी बरी आहे म्हणून सांगत होते रे, आणि तू दर वेळी मी मेल्याचं सांगून आलास."

कुणी नाक मुरडलं नाही. गव्याने नियम घातला : पुडी हलवून, कानाला लावून पाहावी. संशय आलाच तर पाठवणाऱ्याला समोर बसवूनच उघडावी. आतली गोष्ट तिसऱ्याच्या कानी गेली, तर कावळ्याचं काम जाईल.

कावळा खरोखर ओशाळला होता. चिचुंद्रीची नवी पुडी घेऊन तो तडक निघाला आणि संध्याकाळी तीच पुडी घेऊन परत आला.

"मावशी, उघडली नाही मी. पण घ्यायला कुणी नाही. बिळाच्या तोंडावर कोळ्याचं जाळं आहे. शेजारची घूस म्हणाली, धाकटी गेली म्हणून ती फार रडली. मग इथे राहून कुणाची वाट बघू, असं म्हणाली आणि निघून गेली. कुठे गेली ते कुणालाच ठाऊक नाही."

चिचुंद्रीने पुडी घेतली. काटा जागच्या जागी होता.

त्यानंतर कावळा रोज सकाळी करंजाखाली उतरे आणि हळूच विचारी, "मावशी, काही पाठवायचं आहे का?"

आतून उत्तर येई, "कुणाला?"

तात्पर्य : दुसऱ्याचं उघडून पाहणाऱ्याने काही घेतलं नाही, म्हणजे त्या दुसऱ्याचं काही गेलं नाही, असं होत नाही.