बादलीतला बर्फ

फार पूर्वी, हिवाळा मुक्कामालाच आल्यासारखा राहायचा अशा एका रानात एक अस्वलीण होती. तिच्या दारात मेपलचं एकच झाड होतं. थंडी ओसरू लागली की ती त्याला बादली टांगायची आणि झिरपलेला गोड रस आटवून पाक करायची. रानात फळं धरेपर्यंत तिची पिल्लं त्यावरच जगायची.

एका सकाळी रस बादलीतच गोठला.

झाड म्हणालं, “अगं, वरचा बर्फ काढून फेक. ते नुसतं पाणी आहे. गोडी खाली उरलीय.”

“अर्धी बादली फेकू?” अस्वलीण फणकारली. “तुला काय जातंय सांगायला! दारी आलेलं मी टाकत नाही.”

तिनं बर्फासकट सगळं कढईत ओतलं. नुसती वाफ निघत राहिली, पाक काही होईना. दुपारी सरपण संपलं. मग कुंपण चुलीत गेलं, मग दाराची फळी. तरीही चूल विझायला आली, तेव्हा तिनं कुऱ्हाड उचलली.

ओलं लाकूड धुमसत जळलं. संध्याकाळी वाटीभर पाक झाला. पिल्लांनी वाटी चाटून लख्ख केली.

“आई, उद्यापण कर हं,” धाकटं म्हणालं.

अस्वलीण सवयीनं बादली घेऊन उठली आणि दारातच थांबली. बादली टांगायला बाहेर काही उरलं नव्हतं.