झिपरीने काय काय उबवलं

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा कोंबड्या आजच्यापेक्षा जास्त विचार करायच्या. झिपरी नावाची कोंबडी पहिल्यांदाच अंड्यांवर बसली होती. टोपलीत मऊ भुसा होता, तरी तिला चैन पडेना. घार आली तर? ती अंगणात जाऊन आभाळ बघून यायची. परत बसते न बसते तोच मुंगूस आठवायचं, की निघाली कुंपणाकडे.

शेजारी बांधलेली म्हातारी शेळी रवंथ करत म्हणाली, "काय गं, सापडलं का मुंगूस?"

"नाही हो, शेळीआत्या. पण उद्या येईल ना!"

"येईल तर! तुला भेटल्याशिवाय कुठं राहतंय ते. तोवर अंड्यांना जरा पोट लावून बघ."

झिपरीने पोट टेकलं. अंडी गारठत आली होती.

"घारीने काही केलं नाही, मुंगसाने काही केलं नाही," शेळी म्हणाली. "सगळं तुलाच करावं लागतंय, बाई!"

झिपरी घट्ट बसली. घार आठवली, मुंगूस आठवलं, नवीन म्हणून बोकाही आठवला. पाय शिवशिवले, पण ती उठली नाही. त्या सगळ्यांनाही तिने अंड्यांसोबत पंखाखाली घेतलं.

पुढे अंडी फुटली आणि पिल्लं चिवचिवत बाहेर आली. घार, मुंगूस आणि बोका मात्र इतकं उबवूनही निघाले नाहीत.