अर्ध्या बोटाची रेषा

समुद्रकाठी एक बंदर होतं आणि त्या बंदरात एक रंगारीण राहत होती. नवं गलबत बांधायचं झालं की सुतार आधी त्याचा छोटा लाकडी नमुना घडवायचे आणि ती तो रंगवायची. नमुन्यावरचं एक बोट म्हणजे खऱ्या गलबतावरचा एक हात, असं तिथलं माप.

नमुन्याला खाली तांबडा रंग, वर पांढरा. दोन्हींच्या मधली रेषा म्हणजे भाराची रेषा. माल भरताना गलबत त्या रेषेपर्यंतच बुडू द्यायचं, तिच्यावर पाणी चढू द्यायचं नाही. नमुन्यावरची रेषाच मापाने खऱ्या गलबतावर उतरवत आणि खलाशी ती बघूनच गलबतावर पाय ठेवत.

रंगारीण आधी सगळीकडे पांढरा रंग देई. तो वाळला की रेषेच्या वरच्या अंगाला खळ लावलेली कागदाची पट्टी चिकटवी, कड नखाने दाबी आणि त्या कडेवरून पुन्हा पांढऱ्याचाच पातळ हात फिरवी. कडेखालच्या बारीक फटी पांढऱ्यानेच बुजत. मग खाली तांबडा. शेवटी पट्टी सोलली की रेषा कशी सुरीच्या धारेसारखी!

एकदा एका व्यापाऱ्याच्या गलबताचा नमुना तिच्याकडे आला. पट्टी लावून, कड बुजवून ती जेवायला घरी गेली. परत येऊन तिने तांबडा दिला, पट्टी सोलली आणि बघतच राहिली. रेषेतून तांबडी कुसळं वर आली होती.

"माझ्या पट्टीखालून रंग झिरपला? शक्यच नाही!"

तिने माप घेतलं. रेषा अर्धं बोट वर होती. कोणीतरी पट्टी काढून वर चिकटवली होती, पण कड बुजवायची असते हे त्याला ठाऊक नव्हतं.

व्यापारी दारातच उभा होता. लाजायचं तर सोडाच, तो हसला.

"अर्धं बोट तर सरकवलं," तो म्हणाला. "माल जास्त मावेल. कुसळं तेवढी पुसून टाक. यापुढे माझे सगळे नमुने तुझ्याकडेच."

रंगारिणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "इथलं अर्धं बोट म्हणजे समुद्रात अर्धा हात! माझ्या हातची रेषा म्हणून लोक निर्धास्त चढतात. माझ्याच हाताने त्यांना बुडवतोस?"

नमुना उचलून ती तडक बंदराच्या अधिकाऱ्याकडे गेली. व्यापारी मागोमाग धावला. खलाशीही गोळा झाले.

अधिकाऱ्याने नमुना फिरवून पाहिला. "रेषा जरा फिसकटली आहे खरी, पण रंग काय सुरेख चढलाय!"

"रंग काय बघता? माप बघा!" ती कडाडली. "मोजायचं काम तुमचं आणि तुम्ही चकाकी बघता?"

तिने नमुना दगडी डोणीतल्या पाण्यात सोडला आणि रेषा पाण्याला टेकेपर्यंत त्यात वाळू भरली. मग हाताने पाणी ढवळलं. पहिल्या लाटेला नमुना डगमगला, दुसरीला तळाशी गेला.

"डोणी म्हणजे काय समुद्र आहे?" व्यापारी ओरडला.

"नाही ना," एक म्हातारा खलाशी म्हणाला. "समुद्रात लाटा मोठ्या असतात."

रंगारीण व्यापाऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. "तुझा एवढा भरवसा आहे ना? मग भर या रेषेपर्यंत माल आणि पहिल्या सफरीला तू स्वतः बस."

व्यापाऱ्याने समुद्राकडे पाहिलं, मग खलाशांकडे. "मला... मला समुद्र सोसत नाही," तो पुटपुटला.

अधिकाऱ्याने मान खाली घालून व्यापाऱ्याचा परवाना रद्द केला आणि त्या दिवसापासून प्रत्येक नमुना स्वतः मोजू लागला.

रंगारिणीचा राग मात्र लवकर उतरला नाही. तिने डोणीतून नमुना काढला आणि तांबडा रंग खरवडायला बसली.

तात्पर्य एवढंच: ज्या गलबतात आपल्याला बसायचं नसतं, त्याची रेषा वर सरकवणं फार सोपं असतं. म्हणून जो रेषा सरकवायला सांगेल, त्यालाच आधी गलबतात बसवावं.