नळीतला भिकनशाई

"मग आता ह्याला काय म्हणायचं, बाबा?"

बोंडे सरांनी काचेची नळी पुढं केली. तोंडाला कापसाचा बोळा. आत तिरक्या जेलीवर मेणासारखा तपकिरी थर.

भिकनशा फकीर चिंचेखाली बसला होता. त्यानं नळी घेतली नाही. नुसती बघितली.

"टकला झालाय," सर म्हणाले. "जंतूवर पांढरं उगवेनासं झालं की आमच्यात असंच म्हणतात."

फकिरानं स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला.

"माझं नाव लावलंस. आणखी काय होणार?"

सर हसले नाहीत. तापीकाठच्या त्या तकियात, फकिराच्या ठाण्यात, दुपारी तसंही कोणी मोठ्यानं हसत नाही. ऊद जळत असतो आणि धूर वर जायचं विसरतो. चिंचेची पानं पडतात तीसुद्धा सावकाश. बसलेल्या माणसाला आपण कुठल्या गावाहून आलो ते आठवायला वेळ लागतो.

बारा वर्षांपूर्वी ह्याच चिंचेच्या बुडातून सरांनी चमचाभर माती नेली होती. सर कॉलेजात जंतू शिकवायचे. त्या मातीत त्यांना एक जंतू सापडला, जगात कुठं नोंद नसलेला. दिसायला बुरशी, पण आतून साधा जंतूच. मोठीमोठी शिकलेली माणसं पूर्वी ह्यात फसली, म्हणून त्या अख्ख्या प्रजातीच्या नावात बुरशी राहून गेली ती गेलीच. स्ट्रेप्टोमायसिस, ह्यातलं मायसिस म्हणजे बुरशी. हे झालं आडनाव. त्यांच्यात आडनाव आधी लावतात. पुढचं नाव शोधणाऱ्यानं द्यायचं. सरांनी दिलं, भिकनशाई.

तेव्हा तो देखणा होता. आधी मुळांसारखा खाली पसरायचा. मग पांढरे तंतू वर काढायचा. तंतूंची टोकं वळून मण्यांच्या माळा व्हायच्या आणि एकेक मणी सुटून वाऱ्यावर जायचा. बोळा काढला की नांगरटीचा वास. ह्याच्या भाऊबंदांपासून औषधं बनतात. ह्याच्यापासून काही बनलं नाही. पण सरांच्या नावावर आयुष्यात तेवढंच एक होतं.

आता बाहेरदेशातून, जंतूंची नावं नोंदणाऱ्यांचं पत्र आलं होतं. जंतूंचा एक नियम आहे, आणि तो मला माणसांच्या नियमांपेक्षा बरा वाटतो. नावामागं जिवंत जीव लागतो. फोटो चालत नाही. सरांनी दोन ठिकाणी जपायला दिलेल्या नळ्या मेल्या. जिवंत राहिली ती ही एकच. आणि हिच्यात पांढरं नाही, माळ नाही, वास नाही. वर्णनाशी जुळणारा जंतू महिनाभरात पाठवा, नाहीतर नाव रद्द, असं त्या लोकांनी कळवलं होतं.

फकिरानं विचारलं, ह्याला खायला काय देतोस?

सरांनी सांगितलं. साखर, सत्त्व, जे उत्तम ते. एक नळी संपायच्या आत दुसरीत. बारा वर्षांत त्याला एक दिवस उपास घडू दिला नाही.

"आणि तो वर कधी उठतो?"

हे ते दरवर्षी पोरांना फळ्यावर शिकवत होते.

"खाणं संपलं की. खालचे तंतू मरतात, त्यांच्यावर वरचे पोसतात… मग उठतो."

"मग?"

"शेवटचा आहे, बाबा. उपाशी ठेवला आणि मेला तर?"

झाडावर होला घुमत होता.

शेवटी सरांनी आपलं खरं काम सांगितलं. जुन्या जागची चमचाभर माती परत हवी होती. जो बारा वर्षांपूर्वी निघाला तो पुन्हा निघेल.

"घे की," फकीर म्हणाला. "माती काय माझी आहे?"

सर गुडघ्यावर बसले. पिशवीतून चमचा काढला, बाटली काढली, बाटलीवर चिठ्ठी चिकटवली. तेवढ्यात एक म्हातारी आली. हिंगोण्याची कमळाबाई. तिनं पदराची गाठ सोडली, गाठीतली मूठभर माती चिंचेच्या बुडाशी टाकली, तिथलीच चिमूटभर उचलून पदराला बांधली. सरांकडं बघून म्हणाली, सरका जरा, पाय पडेल. आणि आली तशी गेली.

सरांचा चमचा हातातच राहिला.

हे काय होतं, त्यांनी विचारलं.

आज गुरुवार, जुम्मेरात आहे, फकीर म्हणाला. जुम्मेरातीला येणारा आपल्या शेतातली मूठ इथं टाकतो आणि इथली चिमूट शेतात नेतो. पन्नास गावांचे लोक येतात. आपल्या गुरूच्या आधीपासून चालू आहे. ह्या झाडाखाली मूळची माती किती उरली असेल ते अल्ला जाणे.

सर बारा वर्षांपूर्वी आले होते सोमवारी. सोमवारी इथं कुत्रं फिरकत नाही. कोणाला विचारलं नाही आणि छापून टाकलं… हा जंतू फक्त भिकनशाच्या तकियात राहतो, जगात दुसरीकडं नाही.

ते तिथंच मातीत बसले. इस्त्रीची पँट होती.

"म्हणजे तो इथला नव्हताच?"

"मी तरी कुठं इथला आहे?"

सरांनी डोळे मिटले. ते स्वप्न नव्हतं असं ते अजून सांगतात. ऊन पानांतून हलत होतं आणि त्यांना जमिनीखालचं दिसत होतं. हिंगोण्यापासून इथपर्यंत, इथून पलीकडच्या काठापर्यंत, पांढरे तंतू. नदीखालूनसुद्धा. कुठं माळा वळत होत्या, कुठं मणी सुटत होते. कुणालाच पोटभर नव्हतं. आणि सगळीकडून तो नांगरटीचा वास येत होता, बारा वर्षांपूर्वीचा…

डोळे उघडले तर फकिराचा हात समोर होता. उघडा तळवा.

"आजची भीक राहिलीय, मास्तर."

सर त्या तळव्याकडं बघत राहिले. मग नळीकडं. एक पान सावकाश येऊन फकिराच्या मांडीवर पडलं. त्यानं ते झटकलं नाही.

सरांनी बोळा काढला. वास आला नाही. नळी उलटी करून ते तिच्या बुडावर हलके हलके मारत राहिले, आणि जेली घसरून फकिराच्या तळव्यावर पडली.

फकिरानं मूठ मिटली. चिंचेच्या बुडाशी नेऊन उघडली. जेली बोटांनी मातीत कालवली. मग तिथलीच चिमूट घेऊन सरांपुढं धरली.

सरांनी रुमाल पसरला. चिमूट रुमालात बांधली, तीनदा गाठ मारली, आणि तसेच बसून राहिले.

"बाबा… ते लोक उत्तराची वाट बघतायत. त्यांना काय लिहू?"

फकिरानं मातीचा हात कफनीला पुसला.

"लिही, नाव घरीच आहे. तो बाहेर गेलाय."